थंड पावसात सायकल : हातमोजे, पायमोजे आणि शू कव्हर कसे निवडावे?

पूर्वा_मुलुंड

नमस्कार मंडळी. येत्या जुलैच्या उत्तरार्धात आम्ही काही जण मनालीहून लेहपर्यंत सायकलने जाणार आहोत. सामान वाहणारी गाडी सोबत नाही, त्यामुळे जे न्यायचे ते सायकलवरच लादायचे आहे. जाकीट आणि पावसाळी पँट यांबद्दल पुष्कळ वाचून झाले. अडले आहे ते हात आणि पाय यांपाशी. मुंबईच्या पावसात मी वर्षानुवर्षे सायकल चालवते आणि इथे हातमोजे भिजले, बुटांत पाणी शिरले, तरी फारसे बिघडत नाही. घरी येऊन पाय पुसले की संपले. रोहतांगच्या चढावर पाऊस लागला आणि पलीकडच्या उतारावर बोटे आखडली, तर ब्रेक दाबायचे कसे, ही खरी काळजी आहे.

दुकानात गेल्यावर प्रत्येक वस्तूवर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले दिसते आणि विक्रेत्याला थंडीबद्दल विचारले की तो वरच्या फडताळातली सर्वांत जाड जोडी काढून देतो. तेव्हा थेट विचारते. हातमोजे आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेले घ्यावेत की निओप्रीनचे, म्हणजे कृत्रिम रबराचे? पायांसाठी बुटांवरून चढवायचे कव्हर बरे की वॉटरप्रूफ पायमोजे? आणि ही खरेदी मुंबईत बसून पारखायची कशी?

घाटचढ

पूर्वाताई, आधी आकडे डोळ्यांसमोर ठेवा. मनाली साधारण २,०५० मीटर उंचीवर आहे आणि रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते असे धरले, तर मनालीत सकाळी १६ अंश असताना खिंडीत ५ अंशांच्या आसपास असणार. त्यात भिजलेले अंग, आणि उताराला लागल्यावर ताशी ३०-४० किलोमीटरचा वारा. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे जुहूच्या पावसात जो ओला हातमोजा सुखद वाटतो तोच तिथे बोटांतली ऊब शोषून घेतो. पुढच्या खिंडींपैकी बारालाचा जवळपास ४,९०० मीटरवर आणि तांगलांग ५,३२८ मीटरवर आहे. रोहतांग ओलांडल्यावर पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो हे खरे, पण बारालाचावर जुलैतही पावसाऐवजी बर्फाचे कण अंगावर येऊ शकतात.

पडद्याच्या कापडाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट रुजला आहे. ‘गोअर-टेक्स घेतले होते, मुंबईत आतून घामाने भिजलो, म्हणजे ते निरुपयोगी’, असे अनेक जण सांगतात. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉन ताणून हा सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ बनवला. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ मात्र जाते. परंतु वाफ बाहेर पडायची तर आत-बाहेरच्या बाष्पदाबात फरक हवा. त्वचेलगतच्या ३३ अंशांच्या दमट हवेचा बाष्पदाब ५० मिलिबार धरा. जुलैतल्या मुंबईत बाहेरच्या हवेचा तो ३२ च्या घरात असतो, म्हणजे घाम ढकलायला जेमतेम १८ मिलिबारचा जोर उरतो. ६ अंशांच्या पावसात बाहेरचा बाष्पदाब ९-१० वर येतो आणि तोच जोर ४० मिलिबारपर्यंत जातो. मुंबईत नापास झालेले कापड हिमालयात चांगले काम करू शकते ते यामुळे, आणि म्हणूनच मुंबईतल्या अनुभवावरून थंड प्रदेशातली खरेदी ठरवू नये.

आता खर्चाचा क्रम. सर्वांत आधी पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची झडप, रस्त्यापासून चार बोटे वर राहील इतकी लांब. पाय भिजतात ते मुख्यतः पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने, आभाळातल्या पाण्याचा वाटा त्यामानाने थोडा असतो. दीडशे रुपयांची ती झडप महागड्या शू कव्हरपेक्षा जास्त काम करते, हे मी पुन्हा पुन्हा लिहितो आणि लोक पुन्हा पुन्हा शू कव्हरच घेतात. कच्च्या रस्त्यावर चिखल अडकू नये म्हणून टायर आणि मडगार्ड यांच्यात पुरेशी फट मात्र ठेवा.

ग्लासगोकर

मी मूळचा गिरगावचा. आता ग्लासगोत सायकलनेच कामावर जातो. इथे हिवाळ्यात ४-५ अंशांतला पाऊस ही रोजचीच गोष्ट आहे. घाटचढ यांचे म्हणणे पटते, एक भर घालतो. दोन-तीन तासांहून अधिक काळ थंड पाऊस लागला तर हातापायांत पाणी शिरतेच, मग कापड कोणतेही असो. ते शिवणीतून आले नाही तर मनगटातून येते, मनगटातून आले नाही तर घामाचे साचते. त्यामुळे ‘यातून पाणी जाईल का’ यापेक्षा ‘पाणी गेल्यावर यात हात किती गरम राहील आणि बोटे किती हलतील’ हे विचारून खरेदी करावी.

या कसोटीवर माझ्या मते निओप्रीन पुढे आहे. ते बंद फुगे असलेले कृत्रिम रबर आहे. पाणबुडे जो पोशाख घालतात तो याचाच. आत थोडे पाणी शिरते, शरीर ते गरम करते आणि फुग्यांतली कोंडलेली हवा ती ऊब धरून ठेवते. हातांसाठी २ ते ३ मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून जाड घेतले तर गिअरचा खटका बोटाला कळत नाही. अट एवढीच की ते अंगाबरोबर बसले पाहिजे. सैल निओप्रीनमध्ये प्रत्येक हालचालीला जुने गरम पाणी बाहेर जाते आणि नवे गार पाणी आत येते. ७-८ अंशांच्या वर आणि चढावर मात्र त्यात हात अक्षरशः उकडतात, हे सांगायला हवे.

याउलट बाहेर जाड कापड, मध्ये पडद्याची पिशवी आणि आत मऊ अस्तर असे तीन थरांचे फुगीर हातमोजे कोरड्या थंडीत उत्तम असतात, पण पावसात बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते. हात कोरडा असूनही गार पडतो, कारण ते पाणी वाऱ्याने उडताना उष्णता खेचत राहते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. हातमोज्याने ५० ग्रॅम पाणी धरले असेल तर हिशेब करून पाहा. शिवाय थांब्यावर ओला हात बाहेर काढला की अस्तर त्याच्याबरोबर उलटे येते आणि बोटे पुन्हा आत घालताना दहा मिनिटे जातात. खिंडीच्या माथ्यावर, वाऱ्यात, ही दहा मिनिटे फार महाग पडतात.

ससूनडॉक

बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायका बर्फात हात घालून तासन्‌तास काम करतात आणि त्यांच्या हातात साधे रबरी हातमोजे असतात. त्याच जातीचे, आतून लोकरीसारखे अस्तर असलेले हातमोजे औद्योगिक सुरक्षेच्या दुकानांत मिळतात. लोहार चाळ आणि नागदेवीच्या बाजूला चौकशी करावी. जपानच्या शोवा कंपनीचे टेमरेस २८२ हे याच वर्गातले असून पॉलियुरेथेनच्या थरातून थोडी वाफही जाऊ देते. परदेशात अनेक सायकलस्वार तेच वापरतात. दिसायला गबाळे, पण किमतीला सोपे. एक माप मोठे घेऊन आत पातळ लोकरी मोजा घालता येतो. सुती अस्तराचे मात्र टाळावे, कारण सूत एकदा भिजले की त्या मुक्कामात वाळत नाही.

सुईदोरा

पावसाळी कपडे शिवणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून बनावटीच्या अंगाने लिहिते. जाकिटाच्या शिवणीवर आतून गरम पट्टी चिकटवता येते आणि सुईची भोके बुजतात. हातमोज्याच्या बोटांमधल्या अरुंद वळणांवर ही पट्टी नीट बसवणे फार अवघड असते. म्हणून बहुतेक कंपन्या पडद्याची पाच बोटांची वेगळी पिशवी बनवतात आणि ती बोटांच्या टोकांशी गोंदाच्या ठिपक्यांनी अस्तराला धरून ठेवतात. ग्लासगोकर यांनी सांगितलेले अस्तर उलटे येण्याचे दुखणे तिथून सुरू होते. दुकानात असतानाच दोन बोटांनी अस्तराचे टोक चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. ते लगेच सरकले, तर ओल्या हाताबरोबर नक्कीच निघून येईल.

निओप्रीन घेताना हातमोजा पालथा करा. बाहेर दिसणारा टाका आतही आरपार दिसत असेल तर ती सपाट शिवण आहे, आणि तिच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार. चांगल्या मालात कडा आधी चिकटवलेल्या असतात आणि सुई निम्म्याच जाडीतून फिरवलेली असते. आतली बाजू कोरी दिसते. हाच निकष निओप्रीनच्या शू कव्हरलाही लावावा.

आता पारख. हातमोज्यात तोंडाने हवा भरा, मनगटाशी पिळा, आणि पंक्चर शोधताना ट्यूब जशी पाण्यात धरतो तसा बादलीत बुडवा. बुडबुडे जिथून येतील तिथून पाणीही येईल. पायमोज्यांसाठी मी निराळी रीत वापरते. टाच आणि अंगठा यांच्याशी टिश्यू पेपरच्या घड्या ठेवून मोजा पायात घालायचा, वरची कड पाण्याबाहेर राहील अशा बेताने पाय बादलीत ठेवायचा आणि पंधरा मिनिटे पेडल मारल्यासारखा घोटा हलवत राहायचा. नुसता स्थिर ठेवलेला मोजा बहुधा पास होतो. गळती होते ती घोट्याच्या वळणावर. अलीकडेच एका दुकानाने मला बदलून द्यायला नकार दिला होता, त्यामुळे पावती जपून ठेवा आणि परतीची अट आधी विचारा.

पूर्वा_मुलुंड

सुईदोरा, टिश्यू पेपरची युक्ती फारच उपयोगी आहे. थंडीची पारख मात्र राहिली. मासळीवाल्याकडून बर्फ आणून बादलीतले पाणी ५-६ अंशांपर्यंत उतरवायचे, हातमोजा घालून हात त्यात ठेवायचा आणि मग टेबलफॅनसमोर धरून ब्रेक दाबून पाहायचा, असा विचार आहे. याने काही अपाय होईल का?

पार्ले_वैद्य

निरोगी व्यक्तीला पाच-दहा मिनिटांनी अपाय होणार नाही, परंतु ज्यांची बोटे गारठ्यात आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात त्यांनी हा प्रयोग करू नये. हे रेनोड विकाराचे लक्षण असू शकते. तुमच्या गटात कुणाला तसे होत असेल तर मनालीला जाण्याआधीच डॉक्टरांना दाखवून घ्यावे. प्रयोगात नुसता ब्रेक दाबू नका. बाटलीचे झाकण उघडा, जाकिटाची चेन लावा, खिशातला चॉकलेटचा कागद फाडा. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की बारीक कामे जमेनाशी होतात आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. ब्रेक तेव्हाही दाबता येतो, पण किती दाबला याची जाणीव राहत नाही, आणि धोका तिथे आहे.

हातापायांच्या उबेचा निर्णय बऱ्याच अंशी धड करते. धड गार पडू लागले की शरीर आधी बोटांकडचा रक्तप्रवाह कमी करते, त्यामुळे वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि मनगटावर एक साधा लोकरी पट्टा यांचा परिणाम हातमोज्यांइतकाच असतो. रक्तवाहिन्या मनगटापाशी त्वचेच्या अगदी जवळून जातात. चढावर घाम येण्याआधी जाकिटाची चेन उघडा आणि उताराला लागण्याआधी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, अंगावरचा थर वाढवा.

पायांबाबत दोन गोष्टी. थंडी वाटते म्हणून त्याच बुटात दोन मोजे कोंबले तर पाय आवळला जाऊन रक्त पोहोचत नाही आणि तो उलट अधिक गार पडतो. दुसरे, शून्याच्या वरच्या तापमानातही ओला, गार पाय दिवसचे दिवस बुटात राहिला तर त्वचा आणि नसांना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना हा त्रास मोठ्या प्रमाणावर झाला. मुक्कामाला पोहोचल्यावर पहिले काम पाय पुसून कोरडे मोजे घालणे हे असावे, चहा त्यानंतर. वॉटरप्रूफ मोज्यांत घाम साचून चिखल्या होण्याचा संभव आपल्या हवेतल्या लोकांना ठाऊक आहेच. बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा. बधिर झालेले हात ढाब्यातल्या शेगडीवर धरू नका, कारण भाजले तरी कळत नाही. काखेत धरा.

घाटचढ

आता शू कव्हर की पायमोजे, या प्रश्नावर येतो. ग्लासगोकर कव्हरच्या बाजूने असतील असे वाटते. मी पायमोज्यांच्या बाजूने आहे.

ग्लासगोकर

बरोबर ओळखलेत. बुटांना क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळव्याची खाच) असेल तर कव्हरच्या तळाला भोक असते हे मान्य, पण बुटाच्या आतल्या गादीखाली, तळव्याच्या छिद्रांवर जाड टेप लावली की बरेचसे पाणी थांबते. कव्हरचे मोठे काम पाण्यापेक्षा वारा अडवणे हे आहे आणि त्यात ते चोख आहे. बूटही कोरडा राहतो. पायमोजा वापरला तर बूट भिजतो, जड होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गार बुटात पाय घालावा लागतो.

घाटचढ

डांबरी रस्त्यावर घर ते कार्यालय जायचे असेल तर मी याला हरकत घेणार नाही. मनाली-लेहच्या वाटेवर खडी आहे, सायकल ढकलत चालावे लागते, आणि दुपारनंतर बर्फ वितळून फुगलेले नाले ओलांडावे लागतात. कव्हरचा तळ दगडांवर दोन-तीन दिवसांत फाटतो. नाल्यात शिरलात तर ते पाण्याने भरते. त्या वाटेवर पडद्याचे, आतून मेरिनो (मेंढीची तलम) लोकर असलेले, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे पायमोजे बरे. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. नाल्यासाठी रबरी सँडल वेगळ्या ठेवाव्यात आणि बूट-मोजे काढून गळ्यात अडकवून नाला ओलांडावा. पायमोज्यात एकदा वरून पाणी शिरले की ते आतच राहते, कारण जो पडदा त्याला आत येऊ देत नाही तोच बाहेरही जाऊ देत नाही.

म्हणून कड कशाच्या आत आणि कशाच्या बाहेर, याला सर्वाधिक महत्त्व आहे. पायात पावसाळी पँट मोज्याच्या कडेवरून खाली सोडलेली हवी. उघड्या पोटरीवरून ओघळलेले पाणी थेट मोज्यात उतरते. हात हँडलवर असताना कोपरापासून मनगटाकडे उतार असतो, त्यामुळे जाकिटाची बाही हातमोज्याच्या वर यायला हवी. बाही हातमोज्यात खोचली तर बाहीवरून वाहणारे सगळे पाणी बोटांपर्यंत पोहोचते. आपले बरेच सायकलस्वार सवयीने तसेच खोचतात, कारण लांब तोंडाचा हातमोजा तसा रुबाबदार दिसतो.

ग्लासगोकर

नाल्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, इथे तसे नाले नाहीत. त्या वाटेसाठी पायमोजेच. तरीही उतारापुरते एक पातळ कव्हर पिशवीत असू द्यावे, ते मुठीएवढे होते. आणि पिठल्या-भाकरीइतका साधा उपाय म्हणजे मोजा आणि बूट यांच्यामध्ये पावाची रिकामी प्लॅस्टिक पिशवी. ती वारा अडवते. घाम साचतो, त्यामुळे उतार संपला की काढायची.

सुईदोरा

बाहेरच्या कापडावरचे पाणी झटकणारे लेपन झिजले की थेंब घरंगळण्याऐवजी पसरतात आणि पडदा ठीक असूनही वाफ अडते. सौम्य साबणाने धुऊन, वर सुती फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवली तर जाकिटाचे लेपन बऱ्याचदा पुन्हा जागे होते. हातमोज्यांना आणि निओप्रीनला मात्र इस्त्री नको. कपडे मऊ करणारे द्रव्य कशालाही वापरू नका. मुंबईत परतल्यावर सगळे पालथे करून पंख्याखाली वाळवा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी धरलीच म्हणून समजा. वाटेत बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.

पूर्वा_मुलुंड

सर्वांचे आभार. बर्फाची बादली काल झाली. टेबलफॅनसमोर निओप्रीनमध्ये बॉटल उघडता आली. फुगीर तीन थरांच्या हातमोज्यात बोटे कोरडी होती, पण जाकिटाच्या चेनचा लहान खटका पकडता येईना. त्यामुळे मी असे ठरवले आहे : उतारासाठी ३ मिलिमीटरचे निओप्रीन, चढासाठी पातळ लोकरी हातमोजे, आणि मुक्कामावर घालायला कोरडी जोडी वेगळ्या बंद पिशवीत. पायांना मेरिनोचे पडद्याचे पायमोजे, नाल्यासाठी सँडल, आणि मडगार्डला झडप. हातात धरायच्या, हलवल्यावर गरम होणाऱ्या पुड्या न्याव्यात का, आणि बूट एक माप मोठे घ्यावेत का, एवढे दोनच प्रश्न उरले.

पार्ले_वैद्य

त्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते आणि ती ऑक्सिजनशी संयोग पावून तापते. भिजली किंवा घट्ट बुटात कोंडली तर विझल्यासारखी होते, आणि ४,००० मीटरच्या वर विरळ हवेत तिची उष्णताही कमी पडते. तंबूत झोपताना उपयोग होईल. पावसात त्यांवर विसंबू नका. त्वचेला थेट लावू नका.

घाटचढ

पायमोजे घेऊनच दुकानात जा आणि ते घालूनच बूट पाहा. अंगठा मोकळा हलला पाहिजे. बहुतेकांना अर्धे माप वाढवावे लागते. जाड हातमोज्यांमुळे ब्रेकची लिव्हर बोटांपासून लांब वाटते, ती जवळ आणायचा लहान स्क्रू लिव्हरच्या मुळाशीच असतो. मुंबईतच हातमोजे घालून तो बसवून घ्या, आणि निघण्याआधी नवे ब्रेक पॅड टाका, कारण ओल्या खडीवर ते फार लवकर झिजतात.